तोंडी सौदा

मी, चकतीवाली बाई, वय ५७ वर्षे, धंदा सुकवलेल्या शिंपल्यांची परदेशातून आयात व घाऊक पुरवठा, राहणार बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, स्वतःच्या गोदामाच्या माडीवर. कागदावरचे नाव सहीत येईलच, पण बंदरापासून बाजारापर्यंत त्या नावाने मला कोणी हाक मारत नाही. माझ्या व्याह्यांनी माझ्याविरुद्ध मारहाणीची, आणि माझ्या मुलीविरुद्ध त्याहून वाईट तक्रार दिली आहे. त्यावरून मला ठाण्यात बोलावले, म्हणून समक्ष हजर होऊन सांगते की,

सदर धंदा माझ्या नवऱ्याने सुरू केला. ते वारल्यापासून मी एकटी पाहते. मला एकच मुलगी, वय २९. चार वर्षांपूर्वी तिचे लग्न तक्रारदारांच्या मुलाशी झाले. तक्रारदार माझ्याकडून माल घेतात, निवडून डब्यांत भरतात आणि देशोदेशीच्या हॉटेलांना पाठवतात. म्हणजे व्याही आणि गिऱ्हाईक एकाच माणसात आले. अशा माणसापुढे दोन्ही बाजूंनी वाकावे लागते. मी चार वर्षे वाकले, आता वाकणार नाही, आणि हे वाक्य गाळू नये.

मालाबद्दल विचारल्यावरून सांगते की, थंड समुद्रात पंख्याच्या आकाराचा शिंपला मिळतो. त्याच्या दोन झडपा मिटणारा गोल मांसल भाग काढून मिठाच्या पाण्यात उकडतात आणि आठवडेच्या आठवडे उन्हावाऱ्यात सुकवतात. बाहेर त्याला स्कॅलॉप म्हणतात, आम्ही चकती म्हणतो. चांगली चकती मधाच्या रंगाची, कडेला बारीक भेगा पडलेली आणि लाकडासारखी कडक असते. ठाणे अंमलदार साहेबांनी आधी 'सुका मासा' असे लिहिले होते. चकती म्हणजे मासा नव्हे. ते मी खोडून घेतले आहे. जे लिहिले जाते त्याच्यावरच पुढे सगळे चालते, म्हणून लिहिलेले मी नीट वाचून घेणार आहे.

आमच्या धंद्यात तोंडी सौदा असतो. लोकांना वाटते तोंडी म्हणजे बोलून केलेला. आमच्यात उलटे आहे. तोंडी सौद्यात बोलायचेच नसते. गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीचे पोते उघडायला लावायचे, आपल्या हाताने एक चकती उचलायची आणि तोंडात धरायची. चावायची नाही. ती लाळेने हळूहळू मऊ होते, तिचे धागे सुटतात आणि मालाचे खरेखोटे कळते. तेवढा वेळ खोलीत कोणी अवाक्षर काढायचे नाही, विकणाऱ्याने तर नाहीच. गिळली तर माल घेतला. तळहातावर थुंकली तर माल परत. परत का, हे विचारायचे नाही आणि त्याबद्दल मनात अढीही धरायची नाही. माझ्या नवऱ्याने याच रीतीने सगळा धंदा केला आणि मीही करते. शेजारी पाण्याचा ग्लास भरून ठेवायचा, म्हणजे नंतर चूळ भरता येते. ग्लासाचा उल्लेख पुढे येईल, म्हणून इथे सांगितला.

माझ्या मुलीचे तोंड लहानपणापासून चांगले आहे. कोणत्या किनाऱ्याचा माल, उन्हात सुकवला की यंत्रात, ओल धरून पुन्हा वाळवला आहे का, हे तिला डोळे मिटून कळायचे. व्याह्यांनी मागणी घातली तेव्हा मुलगी दिसायला चांगली आहे किंवा शिकलेली आहे असे काही म्हणाले नाहीत. "तुमच्या मुलीचं तोंड चांगलं आहे," एवढेच म्हणाले. मला तेव्हा ते कौतुक वाटले.

लग्नानंतर तक्रारदारांनी स्वतः चकती तोंडात धरणे बंद केले. ते काम सुनेकडे आले. बाजारात ते तिची ओळख 'आमच्या घरचं तोंड' अशी करून देत. मुलगी माझ्याकडे मालाला येई, चकती धरी, गिळी किंवा थुंकी, आणि जाई. माझ्याच मुलीने माझा माल दोनदा परत केला आहे. मी कारण विचारले नाही. सौद्याच्या वेळी खोलीत बोलायचे नसते आणि सौदा झाला की सासरे गाडीत हॉर्न वाजवत, त्यामुळे चार वर्षांत आम्हा मायलेकींचे बोलणे बेताचेच झाले.

घटनेच्या दिवशी, म्हणजे गेल्या मंगळवारी दुपारी, नवीन जहाजाचा माल गोदामात उतरला होता. तक्रारदार सुनेला घेऊन आले. खोलीत मी, तक्रारदार आणि माझी मुलगी असे तिघे होतो. माल तोलणारा माझा माणूस, ज्याला आम्ही काटेराव म्हणतो, तो दाराबाहेर पोती मोजत होता. मी मुलीला चहा दिला. तिने तो पूर्ण गार होऊ दिला आणि मग प्यायलाच नाही. मी म्हणाले, "तोंड उघड." ती म्हणाली, "काही नाही गं आई." मी तिची हनुवटी धरून तोंड उघडायला लावले आणि उजेडात पाहिले. आत काय होते ते डॉक्टरांच्या दाखल्यात लिहिले आहे. मी वेगळे सांगत नाही.

विचारल्यावर मुलीने सांगितले की, गेले वर्षभर सासरे काळवंडलेला शिळा माल स्वस्तात उचलतात आणि त्याला गंधकाची धुरी देतात. धुरीने रंग उजळतो, पण चव जिभेला डंख मारते. डंख लपला की नाही हे बघायला सकाळपासून एकामागून एक चकत्या हिच्या तोंडात. कळला की माल पुन्हा धुवायचा आणि पुन्हा हिच्याच तोंडात. तिने तक्रार केली का, असे साहेबांनी विचारले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो प्रकार होता. इथे तर तोंड दाबायलाही लागले नाही, भरलेलेच होते. शेवटी ती मला म्हणाली, "आता मला काहीच कळत नाही आई. साखर आणि मीठ सारखंच लागतं." हे सगळे तक्रारदार तिथेच खुर्चीत बसून ऐकत होते आणि टाचेने ठेका धरत होते.

मी तक्रारदारांना म्हणाले, "आज माझ्या मुलीच्या तोंडात काही जाणार नाही. सौदा तुमचा आहे, तोंडही तुमचंच घाला."

ते म्हणाले, "विहीणबाई, मग सून आणली कशाला? मिरवायला?"

मी म्हणाले, "घालायचं तर घाला, नाहीतर दार उघडं आहे."

त्यांना राग आला. पोत्यात हात घालून त्यांनी सगळ्यांत मोठी चकती उचलली आणि गालात धरली. मुलगी सवयीने त्यांच्या खुर्चीशेजारी ग्लास भरायला गेली. मी गप्प राहिले. मुलगी गप्प होती. रीतीप्रमाणे तक्रारदारांनीही गप्प राहायला हवे होते. एवढी वर्षे दुसऱ्याच्या तोंडावर धंदा केल्यामुळे त्यांना रीतीचा विसर पडला असावा. चकती गालात असतानाच ते बोलू लागले. म्हणाले, "दोन कंटेनर परत आले हिच्या पायी. गंधक सापडलं म्हणे. तोंड बाद झालंय तुमच्या लेकीचं. नापास माल परत घ्यायची रीत आहे ना तुमच्यात? मग हीही घ्या परत!" आणि मान मागे टाकून हसले.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असे म्हणतात. त्यांची जीभ टाळ्याला लागायच्या आत चकती घशात गेली.

त्यानंतर काय झाले ते क्रमाने सांगते. तक्रारदारांचे हसणे बंद पडले. त्यांनी दोन्ही हात गळ्याला लावले. तोंडातून आवाज येत नव्हता. चेहरा आधी लाल झाला, मग वेगळा झाला. मी समोरच्या पोत्याचे तोंड बांधले. साहेबांनी विचारले की, माणूस गुदमरत असताना पोते बांधायचे काय कारण. उघड्या पोत्याला दमट हवा लागते. माणसापेक्षा पोते महत्त्वाचे का, असेही विचारले. त्या घटकेला मला दुसरे काही सुचले नाही, असे लिहावे. मग मी मुलीकडे पाहिले. मग उठले.

मुलीकडे पाहिले तेव्हा काय दिसले, असे विचारल्यावरून सांगते की, मुलगी दिसली.

मी तक्रारदारांच्या मागे जाऊन त्यांना पुढे वाकवले आणि पाठीत मारले. आधी हाताने मारले. हाताने भागेना म्हणून पोती ठोकून बसवायची लाकडी थापी भिंतीला टेकवलेली होती, तिने मारले. किती वेळा मारले ते मोजले नाही. मोजायचे असते तर काटेरावला आत बोलावले असते. काटेराव आवाज ऐकून दारात आला. त्याने मारणे पाहिले, त्याआधीचे काही पाहिलेले नाही, आणि त्याने तसेच सांगितले आहे. शेवटच्या फटक्याला चकती बाहेर पडून तराजूच्या पारड्यात गेली. तक्रारदारांच्या एका बरगडीला तडा गेला, असे दवाखान्यातून कळले. तडा माझ्या मारण्यानेच गेला. ते मला कबूल आहे.

हे मी त्यांचा जीव वाचवण्यासाठी केले काय, असे साहेबांनी विचारले आणि तसे असल्यास तक्रारीतला मारहाणीचा भाग टिकणार नाही, असेही आपणहून सांगितले. त्यांचे आभार आहेत. पण तसे लिहू नये. मला त्या माणसाचा राग होता आणि त्याला बडवायची इच्छा होती. ती पुरी झाली. थापी उचलताना मला बरे वाटले. त्या खोलीत त्या दिवशी कोणाच्या मनात काही वाईट आले असेल तर ते माझ्या मनात आले. जे काही लावायचे ते मला लावावे.

तक्रारदारांना श्वास लागल्यावर त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर बोट केले, मुलीकडे. म्हणाले, "ही बघत होती. ग्लास हातात घेऊन बघत उभी होती." प्राण परत आल्यावर माणूस देवाचे नाव घेतो, पाणी मागतो, निदान शिवी देतो. यांना आधी सुनेचा गुन्हा सुचला. मी त्यांना म्हणाले, "चकती तोंडातून बाहेर पडली. माल परत." त्यावर ते काटेरावच्या खांद्यावर टेकून बाहेर गेले.

त्यांच्या तक्रारीत लिहिले आहे की, सून भरलेला ग्लास हातात धरून जागची हलली नाही आणि आपण मरावे अशी तिची इच्छा होती. हे खोटे आहे. माझी मुलगी पाणी घेऊन येत होती.

साहेबांनी खोलीचे मोजमाप केले आहे. पाण्याचा माठ तक्रारदारांच्या खुर्चीपासून दोन हातांवर आहे, मग ती येत होती ती कुठून, असे त्यांनी विचारले. माणूस दोन हातांवरूनही येऊ शकतो. ग्लास काठोकाठ भरलेला होता आणि जमिनीवर एक थेंब सांडला नव्हता, धावणाऱ्याच्या हातून पाणी सांडते, असे ते म्हणाले. माझी मुलगी सांडासांड करणारी नाही. तिला तसे वळण नाही. शिवाय घशात काही अडकलेल्याला पाणी पाजू नये, उलट जीव जातो, हे कोणीही डॉक्टर सांगेल. तेव्हा तिने पाणी दिले नसते तरी योग्यच केले असते. पण ती देत होती. आधीचे वाक्य ठेवायचे की काढायचे ते साहेबांनी ठरवावे, दुसरे ठेवावे.

त्या पाण्याचे पुढे काय झाले, असे विचारल्यावरून सांगते की, सगळे गेल्यावर मुलगी खाली पोत्यावर बसली. ग्लास तिच्या हातातच होता. बोटे उघडेनात. मी एकेक बोट सोडवले आणि पाणी तिलाच पाजले. तोंडाला झोंबले तरी तिने सगळे प्यायले. मग ती म्हणाली, "आई, मी..." मी म्हणाले, "तोंड मीट. दुखतंय ना तुझं तोंड? मग बोलू नकोस." त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून माल आत लावला.

तेव्हापासून मुलगी माझ्याकडे आहे. तिचा जबाब आज घेता येणार नाही. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. दाखल्यावर 'चावणे व तिखट टाळावे' एवढेच आहे, बोलण्याचा उल्लेख नाही, हे साहेबांनी दाखवले. डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले की तोंडाला विश्रांती द्या. बोलणे तोंडानेच होते. ती सध्या ठाण्याबाहेरच्या बाकावर बसली आहे आणि मी तिला तिथून उठू नको असे सांगितले आहे. कोणी तिला पाणी किंवा चहा देण्याच्या निमित्ताने बोलते करू नये, ही विनंती.

जावई घटनेच्या वेळी माल पाहण्यासाठी परदेशात होते. त्यांनी फोन करून मला विचारले, "आई, बाबांचं काही बरंवाईट झालं असतं तर?" मी म्हणाले, "तुमच्या बायकोच्या तोंडाचं काय झालंय, ते कधी विचारलंत?" माणूस वाईट नाही, पण घरातही त्यांचा तोंडी सौदाच चालतो. बापाने काही तोंडात घातले की हे गिळतात.

काल तक्रारदारांनी काटेरावच्या हाती निरोप पाठवला. निरोप असा की, सुनेला मुकाट घरी पाठवा, मी दोन्ही तक्रारी मागे घेतो, झाले गेले विसरून जाऊ. म्हणजे बघत उभी राहून आपल्याला मारायला निघालेली सून यांना त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात परत हवी आहे. यावरून त्यांचा त्यांच्या तक्रारीवर किती विश्वास आहे ते साहेबांनी ओळखावे. त्यांना सून नको आहे, धुरी दिलेल्या चकत्यांसाठी तोंड हवे आहे. चोराच्या उलट्या बोंबा आम्ही बाजारात रोज ऐकतो, त्या ठाण्यात ऐकायला मिळतील असे वाटले नव्हते.

निरोपाला मी असे उत्तर दिले की, चकती घशातून बाहेर आली म्हणजे सौदा मोडला. तुम्ही स्वतःच्या तोंडाने तिला माल म्हणालात, परत घ्या म्हणालात. मी परत घेतला. परत आलेल्या मालाबद्दल कोणी कोणाला काही विचारत नाही. माझा माल आणि माझी मुलगी, दोन्ही आता त्यांच्या दारात जाणार नाहीत. मारहाणीची तक्रार त्यांनी खुशाल चालवावी. माझी लाकडी थापी पुरावा म्हणून जप्त केली आहे, ती काम झाल्यावर परत मिळावी, कारण तिच्यावाचून पोती नीट बसत नाहीत.

गंधकाच्या मालाबद्दल माझी वेगळी तक्रार घ्यावी. आज नाही म्हणाले तर मी उद्या पुन्हा येईन.

माझा जबाब साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना मागे, जिथे मी मुलीकडे पाहिले असे सांगितले, त्याच्या शेजारी साहेबांनी आपल्या मनाने 'मुलगी ग्लास घेऊन उभी होती' असे लिहिलेले आढळले. मी तसे बोलले नव्हते. ते माझ्या सांगण्यावरून खोडले आणि समासात 'मुलगी पाणी घेऊन येत होती' असे लिहून घेतले. त्या दुरुस्तीखाली मी वेगळी सही केली आहे, आणि शाई वाळेपर्यंत कागद हातचा सोडला नाही.

बाकी सगळे खरे आहे.